डोळा आणि हात यांची जोडी जमते कशी?

मित्रांनो, विटीदांडू खेळताना दांडूचा टोला बसून विटी हवेत उडते आणि तुम्ही लगेच दांडू फिरवून ती दूर मारता. विटी आणि दांडू यांची गाठ हवेत नेमकी कोठे पडणार, हे तुम्हांला आधी कोणी सांगितलेले नसते. तुम्ही पट्टी लावून मोजमाप केलेले नसते की कागदावर गणित मांडलेले नसते. सुईत दोरा ओवताना, कॅरमची सोंगटी खाचेत घालताना, पेल्यात पाणी ओतताना हेच घडते. सायकलवरून चौकात येता येता लाल दिवा लागला, की बोटे आपोआप ब्रेकवर आवळली जातात. डोळ्यांनी काहीतरी पाहिले आणि त्याप्रमाणे स्नायूंनी काम केले, ही गोष्ट या सर्व उदाहरणांत समान आहे.

रोजचीच गोष्ट असल्यामुळे आपल्याला तिचे नवल वाटत नाही. पण जरा विचार करा. डोळ्याला प्रकाश कळतो, हात हलविता येत नाही. स्नायूला आखडता आणि सैल पडता येते, पाहता येत नाही. डोळ्याकडून मेंदूकडे जातात ते मज्जातंतूंतून धावणारे विजेचे सूक्ष्म संदेश. 'हात चार बोटे उजवीकडे ने' असे त्या संदेशांत कोठेही लिहिलेले नसते. लाल रंगातही 'थांब' असा काही अर्थ मुळात भरलेला नाही. मग पाहिलेल्या गोष्टीचे हालचालीत रूपांतर कोण करते? अर्थातच मेंदू. पण मेंदूला ही विद्या येते कोठून? ती जन्मापासूनच असते, की शिकावी लागते? शिकावी लागत असेल, तर शिकवतो कोण?

पाळण्यातला अभ्यास

तुमच्या घरी किंवा शेजारी लहान बाळ असेल, तर त्याच्याकडे थोडा वेळ नीट पाहा. पाळण्यावर टांगलेल्या चिमणाळ्याकडे दोन महिन्यांचे बाळ टक लावून पाहते, हातपाय झाडते. पण हात चिमणाळ्यापर्यंत जाईलच असे नाही. कधी तो डावीकडे जातो, कधी तोंडावरच आपटतो. सुमारे चौथ्या-पाचव्या महिन्यात मात्र चित्र पालटते. बाळ वस्तूकडे पाहते, हात पुढे करते आणि ती पकडते. हात नेहमीच बरोबर जागी पोहोचतो असे नाही. पण चूक दिवसेंदिवस कमी होत जाते.

मधल्या काळात काय घडले? मेंदूने स्नायूंना हुकूम सोडला. हात हलला. तो कोठे गेला हे डोळ्यांनी पाहिले. वस्तू एकीकडे आणि हात दुसरीकडे, हा फरक मेंदूला कळला. पुढचा हुकूम त्याने किंचित बदलला. पुन्हा हात हलला, पुन्हा फरक पाहिला, पुन्हा हुकूम बदलला. हे चार पायऱ्यांचे चक्र नीट लक्षात ठेवा: हुकूम, हालचाल, फरक, दुरुस्ती. या लेखात ते आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

येथे एक शंका येते. बाळ जसजसे मोठे होते, तसतसा त्याचा मेंदू आपोआपच तयार होत असेल. त्यात शिकण्याचा काय संबंध? शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी काय केले ते पाहू या.

दोन पिल्ले, एकच दृश्य

१९६३ साली रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिल्ले जन्मापासून अंधारात वाढविलेली होती. दिवसातून तीन तास दोन-दोन पिल्लांना एका गोल पिंपासारख्या खोलीत आणीत. तिच्या भिंतीवर काळे-पांढरे पट्टे होते. मध्यभागी एक खांब आणि त्यावर जत्रेतल्या चक्रासारखा फिरणारा आडवा दांडा. दांड्याच्या एका टोकाला जुंपलेले पिल्लू आपल्या पायांनी चालू शकत असे. दुसऱ्या टोकाला टांगलेल्या पाळण्यात दुसरे पिल्लू बसलेले असे. पहिले चालले की दुसरे आपोआप तेवढेच फिरे. म्हणजे दोघांच्या डोळ्यांपुढून जवळजवळ सारखेच दृश्य सरकत होते. फरक एवढाच, की एकाचे दृश्य त्याच्या स्वतःच्या चालण्याने बदलत होते आणि दुसऱ्याचे मात्र दुसऱ्याच्या चालण्याने.

काही दिवसांनी दोघांची परीक्षा घेतली. पिल्लाला उचलून हळूहळू टेबलाच्या कडेजवळ नेले, की चालणारे पिल्लू टेबल दिसताच पंजे पुढे करी. पाळण्यात बसलेले पिल्लू तसे करीत नसे. डोळ्यांवर एखादी वस्तू वेगाने आली तर पहिले डोळे मिटी, दुसरे मिटत नसे. खोल दरीचा भास करणाऱ्या काचेवर सोडले तर पहिले दरीची बाजू टाळी, दुसऱ्याला कोणतीही बाजू सारखीच वाटे. वय तेच, डोळे तितकेच चांगले, पाहिलेले दृश्यही तेच; पण दुसऱ्या पिल्लाच्या डोळ्यांची पायांशी ओळख झालेली नव्हती. त्याला उजेडात मोकळे हिंडू दिल्यावर मात्र दोन-तीन दिवसांतच तेही इतरांसारखे वागू लागले.

यावरून काय ठरले? नुसते पाहून डोळा आणि हात यांची जोडी जमत नाही, स्वतः हालचाल करून तिचा परिणाम पाहावा लागतो. पोहणे पुस्तक वाचून येत नाही असे मोठी माणसे म्हणतात, त्यामागे हे शास्त्र आहे.

उलट्या जगात आठ दिवस

एकदा जमलेली जोडी मोडून नवी जमविता येते का? कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रॅटन यांनी हा प्रयोग स्वतःवरच केला. भिंगांची एक नळी त्यांनी डोळ्यासमोर बसविली. तिच्यातून सगळे जग उलटे दिसे: वरचे खाली, उजवीकडचे डावीकडे. दुसरा डोळा बांधून टाकलेला. १८९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ते अशा स्थितीत आठ दिवस राहिले. रात्री झोपताना दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधीत, म्हणजे सरळ जग क्षणभरही दिसू नये.

सुरुवातीला त्यांची फार फजिती झाली. वस्तू उचलायला गेले की भलताच हात पुढे येई. साध्या साध्या कामांत प्रत्येक हालचाल विचारपूर्वक करावी लागे आणि त्याने फार थकवा येई. पण दिवस गेले तसे हात न चुकता जाऊ लागले, घरात वावरणे सोपे झाले. आठ दिवसांनी नळी काढली, तेव्हा सरळ दिसणाऱ्या जगातच काही तास गोंधळल्यासारखे झाले!

तुम्हांला ठाऊकच आहे, की आपल्या डोळ्यातील दृक्पटलावर प्रतिमा उलटीच पडते. मेंदूच्या दृष्टीने प्रतिमा सुलटी की उलटी हा प्रश्न महत्त्वाचा नसतो. कोणती प्रतिमा दिसली असता हात कोठे न्यायचा, एवढे पक्के झाले की त्याचे काम भागते.

लोलकाचा चष्मा

याहून सोपा प्रयोग जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स यांनी १८६७ साली आपल्या ग्रंथात वर्णन केला होता. लोलकातून जाताना प्रकाशकिरण वळतो हे तुम्ही शाळेत शिकला आहात. लोलकाच्या काचांचा चष्मा लावला, तर सगळ्या वस्तू आपल्या खऱ्या जागेपासून एका बाजूला सरकलेल्या दिसतात. समजा, त्या उजवीकडे सरकल्या. आता समोरच्या खुणेवर चेंडू मारा. चेंडू खुणेच्या उजवीकडे जाईल. दुसरा चेंडू थोडा कमी चुकेल, तिसरा आणखी कमी. पंधरा-वीस चेंडूंत नेम बरोबर बसू लागेल.

खरी गंमत पुढेच आहे. चष्मा काढून ठेवा आणि पुन्हा नेम धरा. आता चेंडू खुणेच्या डावीकडे जाईल! चष्मा काढला आहे हे तुम्हांला माहीत आहे. तरीही हात चुकतो. कारण तुम्ही मधल्या काळात 'खुणेच्या थोडे डावीकडे मारायचे' अशी युक्ती नुसती मनाशी ठरवली नव्हती; नजर आणि हात यांमधला हिशेबच मेंदूने बदलून टाकला होता. तो पुन्हा पूर्ववत व्हायला आणखी काही चेंडू चुकावे लागतात. एखादी गोष्ट माहीत असणे आणि ती हाताला येणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

१९९६ साली अमेरिकेत थॅच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग मातीचे गोळे फेकायला लावून केला. उजव्या हाताने फेकून जो नवा हिशेब शिकला, तो डाव्या हाताला कळत नाही, असे त्यांना आढळले. डाव्या हाताला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. त्यांचे आणखी एक निरीक्षण फार महत्त्वाचे होते. ज्या रुग्णांच्या लहान मेंदूच्या काही भागांना इजा झाली होती, त्यांचा नेम चष्मा लावल्यावर चुके आणि चुकतच राही. त्यांना आपली चूक स्पष्ट दिसत होती. पण हात सुधारत नव्हता. आणि चष्मा काढल्यावर उलट दिशेची चूकही होत नव्हती. कारण मुळात काही शिकलेच गेले नव्हते.

लहान मेंदूतली शाळा

लहान मेंदू म्हणजे अनुमस्तिष्क. डोक्याच्या मागच्या बाजूस, मोठ्या मेंदूच्या खाली तो असतो. त्याचे वजन सगळ्या मेंदूच्या सुमारे एक दशांश. पण आकारावर जाऊ नका. ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनी २००९ साली मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आढळल्या आणि त्यांपैकी सुमारे ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत होत्या!

त्यांतल्या काही पेशी फार सुंदर दिसतात. फांद्याच फांद्या फुटलेल्या झाडाला दोन काचांमध्ये दाबून चपटे करावे, तसा त्यांचा आकार असतो. झेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १८३७ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना पुर्किन्ये पेशी म्हणतात. प्रत्येक पुर्किन्ये पेशीच्या फांद्यांवर एक लाखाहून अधिक बारीक तंतू येऊन टेकतात. डोळ्यांनी काय पाहिले, हात कोठे आहे, मोठ्या मेंदूने कोणता हुकूम सोडला, अशा नाना बातम्या ते आणतात. याखेरीज आणखी एक तंतू वेलीसारखा त्या पेशीला वेढून वर चढतो. हा मात्र प्रत्येक पेशीला एकच.

एकीकडे लाखभर तंतू आणि दुसरीकडे एकच वेल, अशी विचित्र रचना कशासाठी? ब्रिटनचे डेव्हिड मार यांनी १९६९ साली एक कल्पना मांडली: ही वेल म्हणजे वर्गातला शिक्षक असावा. लाखभर तंतू बातम्या सांगत असतात. काही चुकले की वेल इशारा देते. इशारा मिळाला त्या क्षणी ज्या तंतूंचे सांधे काम करीत होते, तेवढे सांधे बदलतात. ते बळकट होत असावेत असे मार यांना वाटले. अमेरिकन अभियंता जेम्स आल्बस यांनी १९७१ साली म्हटले, की ते कमकुवत होत असावेत. चुकीला कारण झालेल्या तंतूचे म्हणणे पुढच्या वेळी कमी ऐकायचे! कोणाचे बरोबर? जपानचे मासाओ इतो आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ साली प्रयोगाने दाखविले, की वेल आणि तंतू एकाच सुमारास जागे झाले तर त्या तंतूचा सांधा खरोखरच कमकुवत होतो आणि बराच वेळ तसाच राहतो. लहान मेंदू शिकतो तो एवढ्या एकाच रीतीने नव्हे, हे पुढे कळून आले. तरीही चुकीच्या इशाऱ्यावरून मज्जापेशींचे सांधे बदलतात, ही मुख्य कल्पना आजही टिकून आहे.

आपल्या चार पायऱ्यांच्या चक्रातली 'दुरुस्ती' ती हीच.

आरशातली चांदणी

आता तुम्ही स्वतः एक प्रयोग करा. कागदावर पाच कोनांची मोठी चांदणी काढा. तिच्या आत साधारण एक सेंटिमीटर अंतर सोडून तशीच दुसरी काढा. कागद टेबलावर ठेवा आणि त्याच्या पलीकडे आरसा उभा करा. दोन-चार पुस्तकांची चळत करून तिच्यावर एक पुठ्ठा असा ठेवा, की तुमचा हात आणि कागद तुम्हांला सरळ दिसणार नाहीत, आरशात मात्र दिसतील. आता फक्त आरशात पाहून, दोन रेघांमधल्या वाटेने पेन्सिल फिरवून चांदणी पूर्ण करा. मित्राला घड्याळ लावून बसवा. किती वेळ लागला आणि पेन्सिल किती वेळा रेघेबाहेर गेली, दोन्ही लिहून ठेवा.

पहिल्या खेपेस तुम्हांला स्वतःचेच हसू येईल. आरशात डावे-उजवे बदलत नाही. पण हात आरशाच्या दिशेने पुढे नेला की तो आरशात आपल्याकडे येताना दिसतो. त्यामुळे आडवी रेघ सहज जमते. पण तिरपी रेघ आली की निम्मा हिशेब जुना आणि निम्मा उलटा! कोपऱ्यावर पेन्सिल जागच्या जागी थरथरत राहील. नाउमेद होऊ नका. लागोपाठ दहा वेळा करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा वेळा करा. दोन्ही दिवसांच्या आकड्यांचा आलेख काढा. चुकांची रेषा कशी उतरत जाते आणि दुसऱ्या दिवशीची सुरुवात पहिल्या दिवसाच्या सुरुवातीपेक्षा किती चांगली होते, ते तुम्हांला दिसेल.

याच चांदणीने मेंदूच्या अभ्यासाला एक मोठा धडा दिला. हेन्री मोलेसन नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. फेफऱ्याच्या तीव्र झटक्यांवर उपाय म्हणून १९५३ साली त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. तीत दोन्ही बाजूंचा हिपोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढून टाकला गेला. झटके कमी झाले; पण नवी आठवण साठविण्याची शक्तीच गेली. नुकताच भेटून गेलेला माणूस थोड्या वेळाने परत आला, तर तो त्यांना अनोळखी वाटे.

ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना तीन दिवस आरशात पाहून चांदणी काढायला लावली. दर दिवशी मोलेसन यांना वाटे, हे काम आपण पहिल्यांदाच करीत आहोत. पण हात सुधारत होता! तिसऱ्या दिवशी तर चुका अगदी थोड्या उरल्या. १९६२ साली मिलनरबाईंनी हे प्रसिद्ध केले. घटनांची आठवण आणि हाताचे कसब मेंदूत निरनिराळ्या ठिकाणी साठवले जाते, हे त्यावरून स्पष्ट झाले. मोलेसन २००८ साली वारले. आपण विज्ञानाला केवढे शिकवले, याची आठवण मात्र त्यांना ठेवता आली नाही.

लाल म्हणजे थांबा

येथपर्यंत आपण 'कोठे' या प्रश्नाचा विचार केला: वस्तू जेथे दिसते तेथे हात नेणे. पण लाल दिव्याचे काय? दिवा वर टांगलेला आणि ब्रेक हाताशी. दोहोंच्या जागांचा काही संबंध नाही. हा नियम माणसांनी ठरविलेला; उद्या निळा म्हणजे थांबा असे ठरवले, तर तेही शिकता येईल.

या शिकण्यात एक अडचण आहे. नेम चुकला तर किती चुकला आणि कोणत्या बाजूला चुकला, हे डोळ्यांना दिसते. खुणेचा नियम चुकला, तर 'बरोबर' किंवा 'चूक' एवढेच कळते. म्हणून येथे मेंदूची दुसरी यंत्रणा उपयोगी पडते. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फराम शुल्ट्स यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामीन नावाचे द्रव्य सोडणाऱ्या पेशींचे निरीक्षण केले. दिवा लागला की थोड्या वेळाने माकडाला फळाचा रस मिळे. आरंभी रस मिळताच या पेशी उत्तेजित होत. माकड शिकले, तसे त्या रसाच्या वेळी शांत राहू लागल्या आणि दिवा लागताच उत्तेजित होऊ लागल्या. दिवा लागूनही रस दिला नाही, तर रस यायच्या वेळी त्यांचे काम नेहमीपेक्षाही मंदावे. जणू त्या सांगत होत्या, 'अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले', 'अपेक्षेइतकेच मिळाले' किंवा 'अपेक्षाभंग झाला'. १९९७ साली शुल्ट्स, डायन आणि माँटेग्यू यांनी याचा अर्थ विशद केला. म्हणजे येथेही फरकच शिकवतो. फक्त हा फरक जागेचा नसून अपेक्षा आणि फळ यांतला आहे.

शिकलेला नियम वापरताना मोठ्या मेंदूचा पुढचा भागही कामास येतो. ऑक्सफर्ड येथे पॅसिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात माकडांना शिकविले होते, की एक रंग दिसला तर दांडा ओढायचा आणि दुसरा दिसला तर तो फिरवायचा. मेंदूच्या पुढच्या भागातील, हालचालीची पूर्वतयारी करणारा पट्टा काढल्यावर माकडांना दांडा ओढता येत होता, फिरवताही येत होता. पण कोणत्या रंगाला काय करायचे, ते जमत नव्हते.

याचाही एक खेळ करून पाहा. मित्राने लाल चिठ्ठी दाखवली की टाळी, पिवळी दाखवली की चुटकी. पन्नास वेळा भरभर खेळा. मग नियम उलटा करा. नवा नियम तुम्हांला तोंडपाठ असेल, तरी टाळी वाजून गेल्यावरच चूक ध्यानात येईल!

उशिरा उघडलेले डोळे

आता एक जुना प्रश्न. १६८८ साली विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्र लिहून विचारले, की जन्मापासून आंधळा असलेला माणूस स्पर्शाने चेंडू आणि ठोकळा ओळखतो; त्याला एकाएकी दृष्टी आली, तर न शिवता नुसते पाहून त्याला चेंडू कोणता आणि ठोकळा कोणता हे सांगता येईल का? तीनशे वर्षे विद्वान यावर वाद घालीत राहिले.

त्याचे उत्तर आपल्या देशातील मुलांनी दिले. काही मुले जन्मतःच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन येतात आणि वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यामुळे वर्षानुवर्षे आंधळेपणात काढतात. शास्त्रज्ञ पवन सिन्हा यांनी सुरू केलेल्या 'प्रकाश' या प्रकल्पात उत्तर भारतातील अशा मुलांवर उपचार होतात आणि त्यांच्या शिकण्याचा अभ्यासही होतो. आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांची परीक्षा शस्त्रक्रियेनंतर लगेच घेण्यात आली. चादरीखाली हाताने चाचपलेला खेळण्यातला ठोकळा त्यांना नुसते पाहून ओळखायचा होता. त्यांना तो जवळजवळ ओळखताच आला नाही. पाहिलेला ठोकळा पाहून ते ओळखत होते, चाचपलेला ठोकळा चाचपून ओळखत होते. पण डोळा आणि हात यांची एकमेकांशी ओळखच नव्हती. काही दिवसांनी पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा मात्र त्यात चांगली सुधारणा झालेली होती. हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यावरचे पहिले नाव तुम्ही या लेखात आधीच वाचले आहे: मांजराच्या पिल्लांचा प्रयोग करणारे रिचर्ड हेल्ड!

या मुलांनी दोन गोष्टी शिकवल्या. एक, डोळ्याची आणि हाताची ओळख तयार मिळत नाही. दुसरी, आठ-दहा वर्षे उशीर झाला तरी मेंदू ही ओळख करून घेऊ शकतो. याचा अर्थ उशीर केला तरी चालेल असा मात्र नव्हे. लहानपणी वेळ दवडली, तर दृष्टीचा काही भाग कायमचा अधू राहतो. तान्ह्या मुलाच्या बाहुलीत पांढुरकी झाक दिसली, तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे, हे घरच्या मोठ्या माणसांना अवश्य सांगा.

लोलकाचा चष्माही आज रुग्णांच्या कामी येतो. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ताटात डावीकडे वाढलेले अन्न तसेच राहते. १९९८ साली फ्रान्समध्ये रोसेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना सर्व काही उजवीकडे सरकवून दाखविणारा चष्मा लावला आणि समोरच्या खुणेकडे पन्नासएक वेळा बोट करायला लावले. चष्मा काढल्यावर हात डावीकडे वळू लागले, हे आपल्या ओळखीचेच आहे. पण त्यांचे लक्षही डावीकडे जाऊ लागले, आणि हा परिणाम निदान दोन तास टिकला. सगळ्यांनाच सारखा गुण येत नाही. तथापि, खेळासारख्या वाटणाऱ्या एका प्रयोगातून उपचाराची वाट निघाली, हे काय थोडे झाले?

तर मित्रांनो, आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. डोळ्याला आणि हाताला शिकवतो कोण? त्यांची चूक! मात्र त्यासाठी हालचाल स्वतः करावी लागते, चूक स्वतःला दिसावी लागते आणि लगेच पुन्हा प्रयत्न करावा लागतो. तबल्यावर पहिले बोल वाजवताना, मातीची पणती घडवताना किंवा सायकल शिकताना हात चुकला, तर खट्टू होऊ नका. त्या क्षणी तुमच्या डोक्यात लक्षावधी सांध्यांची दुरुस्ती चालू झालेली असते. तिला थोडा वेळ द्या आणि पुन्हा एकदा हात चालवा.

आणि हो, चांदणीचा आलेख काढायला विसरू नका!